धाकटीची लग्नपत्रिका, हातकागद आणि वऱ्हाडातला र

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. घरात कामं वाटली गेली तेव्हा हॉल आणि केटरर बाबांकडे गेले, साड्या-रुखवत आईकडे आणि पत्रिका माझ्याकडे आली. मला वाटलं दोन शनिवारांत काम होईल, एक दिवस दुकानात जाऊन कार्ड पसंत करायचं, दुसऱ्या दिवशी प्रूफ बघायचं. प्रत्यक्षात साडेतीन महिने लागले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय, कुणाच्या घरी लग्न असेल तर उपयोग होईल.

सुरुवातीला घरात हाच वाद की छापायची कशाला. मामा म्हणाला आता सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतात, एक व्हिडिओ करून घ्या, सनईचं म्युझिक टाका, झालं काम. बहीणही तशी त्याच मताची होती. आजी तेव्हा काही बोलली नाही, संध्याकाळी मात्र तिने तिची पत्र्याची पेटी उघडली आणि त्यातून जुन्या पत्रिकांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. घरातल्या जवळजवळ प्रत्येक लग्नाची एकेक पत्रिका तिने जपून ठेवलीय. आईबाबांची १९८७ ची होती, फिकट पिवळं कार्ड, वर लाल रंगात गणपतीचा ठसा आणि खाली निळ्या शाईत मजकूर, बस दोन रंग. कोपऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाचा डाग अजून दिसतोय. मी सहज कार्ड उलटं करून बोट फिरवलं तर मागच्या बाजूला अक्षरं हाताला लागली, अगदी हलकी. एका वेलांटीचं टोक तुटलेलं होतं, ते तसंच छापलं गेलंय.

ही खिळेजुळणीची छपाई. म्हणजे शिशाचे एकेक अक्षराचे खिळे हाताने जुळवून ओळी करायच्या, चौकटीत घट्ट आवळायच्या, शाई लावायची आणि कागद त्यावर दाबायचा. देवनागरीला हे काम इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड होतं, कारण नुसती अक्षरं पुरत नाहीत, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार, सगळ्यांसाठी वेगळे खिळे लागतात, आणि बाहेर आलेल्या नाजूक भागाचे तुकडे पडायचे, म्हणून ती तुटकी वेलांटी. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला त्याचं नाव इतकं झालं ते या खिळ्यांच्या सुबकपणामुळेही. आजीने त्या पत्रिकेवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली की फोनमधलं पेटीत कसं ठेवू. मग छापायची हे ठरलंच. संख्या मात्र कमी केली, अडीचशे. बाकीच्यांना फोनवर.

पहिल्या शनिवारी अप्पा बळवंत चौकात गेले. पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, पुस्तकं, वह्या आणि पत्रिका यांच्यासाठी पाय आपोआप तिकडेच वळतात. दुकानात बसल्यावर समोर अल्बम येतात आणि प्रत्येक कार्डामागे नंबर असतो. मला पहिल्यांदा हे कळलं की ही कार्डं दुकानदार स्वतः बनवत नाही, गणपती, नक्षी, उठाव, सोनेरी बॉर्डर हे सगळं आधीच मोठ्या कारखान्यात छापून आलेलं असतं, इथे फक्त आपला मजकूर त्या मोकळ्या जागेत छापून मिळतो. म्हणून ते स्वस्त पडतं आणि आठ दिवसांत मिळतं. घाई असेल तर हाच रस्ता चांगला, त्यात काही कमीपणा नाही.

पण मी जे बघितलं ते सांगते. लेसर कटवाली कार्डं खूप चालतात, जाळीदार मंडप, उघडला की आत नवरा-नवरी. लेसर कागद जाळत जातो त्यामुळे फिक्या रंगाच्या कागदावर कटच्या कडेला तपकिरी झाक राहते, चांगलं काम असेल तर ती मागच्या बाजूला ठेवतात, तेव्हा कार्ड घेताना उलटं करून नक्की बघा. पैठणीची बॉर्डर छापलेली कार्डं आहेत, नारळी आणि आसावली दोन्ही, मला ती आवडली. नथ आणि मुंडावळ्या तर प्रत्येक तिसऱ्या कार्डावर आहेत. नवरा-नवरीची व्यंगचित्रं असलेली आहेत. मिठाईच्या डब्यासारखी खोक्यातली कार्डं आहेत, एकेकाचं वजन पाव किलो.

आणि वारली. वारलीबद्दल मला थोडं बोलायचंय. दुकानदाराने तारप्याचा नाच आणि वरात असलेलं कार्ड दाखवलं, छान होतं, पण त्याच्या मधोमध चौकटीत एक आकृती होती आणि त्यावर वधूवरांची नावं छापायची होती. तो लग्नाचा चौक होता. वारल्यांच्या घरी लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने हा चौक सवाष्णी काढतात, आत पालघट देवी असते, तो विधीचा भाग आहे, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते सगळं अभिमानाचंच आहे. पण दुसऱ्याच्या देवीच्या जागी आपलं नाव छापायचं हे काही मला पटेना. घरी येऊन बहिणीला सांगितलं तर तिलाही ते लगेच पटलं. वारली हवी असेल तर नाच घ्या, झाडं घ्या, वारली कलाकाराकडूनच काढून घ्या, चौक त्यांचा त्यांना राहू द्या, असं मला मनापासून वाटतं.

मग आम्ही ठरवलं की आईबाबांच्या पत्रिकेसारखीच दोन रंगांची करायची, अक्षरं हाताने काढून घ्यायची आणि कागद हातकागद.

हातकागदासाठी शिवाजीनगरला गेले. के. बी. जोशी रोडवरची हातकागद संस्था १९४० ची आहे, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून उभी राहिलेली. इतकी वर्षं पुण्यात राहून मी आत कधी गेले नव्हते. हातकागद झाडाच्या लगद्यापासून नाही तर सुती चिंध्यांपासून करतात, कापडाच्या कापणीतलं उरलेलं कापड बारीक करून पाण्यात भिजवून कुटून त्याचा लगदा होतो, तो पाण्याच्या हौदात कालवून जाळीच्या साच्यावर उचलतात, पाणी गळून गेलं की ओला कागद कापडावर उलटा घालतात, मग दाबून पाणी काढायचं आणि वाळवायचं. सुती धागा लांब असतो म्हणून हा कागद घडीला तुटत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. मी एक तुकडा हातात घेऊन कितीदा तरी दुमडला, पांढरी रेघ पडून फाटला नाही, आपलं साधं आर्ट कार्ड दोनदा दुमडलं तर फुटतं.

तिथे शिकलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिशोब. हातकागदाचा ताव साधारण २२ बाय ३० इंचाचा असतो. आम्हाला घडीचं कार्ड हवं होतं, उघडल्यावर १० बाय ७, म्हणजे एका तावात कागदोपत्री ९ कार्डं बसतात. पण हाताने केलेल्या तावाच्या कडा सरळ नसतात, त्या झिरमिळ्यांसारख्या असतात, त्या कापल्या तर ३० चे ३० इंच मिळतच नाहीत. म्हणून रुंदी १० ऐवजी पावणेदहा केली आणि ९ कार्डं व्यवस्थित बसली. पाव इंच सोडला नसता तर एका तावात ९ निघालीच नसती, म्हणजे खर्च वाढला असता. अडीचशे कार्डांना २८ ताव, मी ३६ घेतले, आणि ते सगळे एकाच वेळचे घेतले कारण पुढच्या घाण्याला रंगाची छटा थोडी बदलते. तुम्हीही घेतलेत तर थोडे जास्त आणि एकदमच घ्या. पुढे त्या जादा तावांनीच आम्हाला वाचवलं.

जीएसएमबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते, एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, इतकंच. घडीच्या कार्डाला अडीचशेच्या आसपासचा हातकागद पुरे होतो, त्यावर गेलं की घडी फुगलेली राहते.

आता मजकूर. कागदापेक्षा याला वेळ लागला. बाबांना 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून सुरू होणारा जुना मजकूर हवा होता, चि. सौ. कां., शुभाशीर्वाद, सहकुटुंब सहपरिवार, सगळं. बहीण म्हणाली की बोलावणार आम्ही दोघं आहोत आणि पत्रिकेत आम्ही कुठे बोलतच नाही. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी डाव्या पानावर थोरांचं निमंत्रण त्यांच्या भाषेत, उजव्या पानावर त्या दोघांच्या चार ओळी साध्या बोलीत. आईंची नावं वडिलांच्या नावाआड न लपवता पूर्ण छापायची हे दोन्ही घरांनी एका फोनमध्ये मान्य केलं, मुलाच्या आईंनी तर 'अगं हे मला सुचलंच नव्हतं' म्हणून पुन्हा फोन केला. निमंत्रकांची यादी सासरकडून २६ नावांची आली. ती मात्र मुलाच्या वडिलांनीच आपणहून चारवर आणली, त्यांचे मी आभार मानते, कारण २६ जणांचा मान राखताना कुणाचं नाव आधी आणि कुणाचं नंतर यात फार मनं दुखावतात.

आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीची ओळ. पूर्वी पत्रिकेच्या तळाला बारक्यांची ओळ असायचीच ना, आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं. तिने ती स्केचपेनने कागदावर लिहून दिली आणि आम्ही तिच्याच अक्षरात छापायचं ठरवलं.

वधूवरांची नावं आणि 'शुभविवाह' हे शब्द सुलेखन करणाऱ्या एका मैत्रिणीने बोरूने लिहून दिले. सुलेखन आता पत्रिकांमध्ये खूप दिसतं आणि मला याचा फार आनंद आहे. अच्युत पालवांसारख्या सुलेखनकारांनी गावोगाव फिरून मुलांच्या हातात बोरू दिले, कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींतून नुसत्या अक्षरांवरून नाटक ओळखायला शिकवलं, त्या सगळ्याचा हा परिणाम असणार. मैत्रिणीने एकेक शब्द तीस-चाळीस वेळा लिहिला. ते स्कॅन करताना ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके येतील असं करा, फोनने फोटो काढून पाठवू नका, कडा अस्पष्ट येतात आणि मग छपाईत अक्षर झिजल्यासारखं दिसतं.

बाकीचा मजकूर फॉन्टमध्ये. इथे एक गोष्ट माझ्या लेकीमुळे लक्षात आली. संगणकावर मजकूर लावून बघितला तर 'लग्न' मधला ल आणि 'शुभ' मधला श हिंदी वळणाचे येत होते, ल ला उभा दंड. तिने बघितलं आणि म्हणाली आई हा ल चुकलाय, बाईंनी असा नाही शिकवलाय. तिचा ल पाकळीचा होता, आपण सगळे लिहितो तो. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा हे शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही सांगितलंय. पुष्कळ फॉन्टमध्ये मराठी ल-श आत दडलेले असतात, पण मजकुराची भाषा हिंदी धरली गेली की दिसत नाहीत, भाषा मराठी केली की येतात, आणि काही फॉन्टमध्ये नसतातच. आम्ही मराठी वळणाचाच फॉन्ट शोधून घेतला. एकाच पानावर खाली मुलीच्या अक्षरात पाकळीचा ल आणि वर दंडाचा, हे किती वाईट दिसलं असतं.

छपाईला आधी हॉट फॉइल करायचं मनात होतं. सोनेरी फॉइलला सध्या सगळ्यात मागणी आहे, रोझ गोल्ड, तांबेरीसुद्धा. यात धातूचा कोरलेला ब्लॉक तापवतात, मध्ये फॉइलची पट्टी आणि खाली कागद, उष्णता आणि दाब मिळाला की सोनेरी थर कागदाला चिकटतो. गुळगुळीत कार्डावर याच्यासारखं दुसरं काही उठून दिसत नाही. पण हातकागदाचा पृष्ठभाग उंचसखल असतो. एका ठिकाणी आम्ही ब्लॉक करून घेतला आणि नमुना काढला तर नावांमधल्या जाड रेघा छान बसल्या पण रफार आणि अनुस्वाराच्या आसपास फॉइल सुटलं, जाळी जाळी झाली. दाब वाढवला तर कागद दुसऱ्या बाजूने फुगला. तिथल्या माणसाने दोन दिवस फोनच उचलला नाही आणि ब्लॉकचे पैसे परत मिळाले नाहीत, पण त्याहून मला वाईट याचं वाटलं की त्याला हे आधी माहीत असणार, कागद हातात घेतल्याबरोबर सांगायला हवं होतं. तुम्ही ब्लॉकची ऑर्डर द्यायच्या आधी तुमच्याच कागदावर त्यांच्याकडच्या कुठल्यातरी जुन्या ब्लॉकचा एक ठसा मारून मागा. पाच मिनिटांचं काम आहे.

ऑफसेटचा, म्हणजे प्लेटवरची शाई रबरावरून कागदावर उतरवणाऱ्या मोठ्या मशीनचा, विचार केलाच नव्हता कारण त्याला प्लेटा लागतात, मशीन लावताना सुरुवातीचे बरेच कागद वाया जातात, हजाराच्या घरात कार्डं असतील तरच परवडतं. शिवाय ऑफसेटची शाई पारदर्शक असते, गडद कागदावर ती दिसतच नाही. डिजिटल प्रिंट पन्नास-शंभर कार्डांना उत्तम, पण टोनर, म्हणजे त्यातली भुकटीची शाई, घडीवर तडकतो, आणि जाड हातकागद त्या मशीनमध्ये घालायला कुणी तयार होत नाही.

शेवटी पेठेतल्या एका गल्लीत स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं वर्कशॉप मिळालं. काका साठीच्या पुढचे, सोबत एक मुलगा. त्यांनी कागद हातात घेतला, उजेडासमोर धरला, जिभेचं टोक कोपऱ्याला लावलं आणि म्हणाले सायझिंग, म्हणजे कागदाला दिलेली खळ, चांगलं आहे, शाई पसरणार नाही. मला तिथेच विश्वास वाटला.

स्क्रीन प्रिंटिंग कसं होतं ते मी पूर्ण बघितलं. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते, तिच्यावर प्रकाशाला कडक होणारा लेप देतात, वाळवतात, त्यावर ट्रेसिंग कागदावर काळं छापलेलं डिझाइन ठेवून दिवा लावतात. जिथे उजेड पडला तिथला लेप पक्का होतो, काळ्या अक्षराखालचा कच्चा राहतो आणि पाण्याने धुतला की निघून जातो, म्हणजे जाळीत अक्षराच्या आकाराची वाट तयार होते. मग चौकट कागदावर ठेवून रबरी पट्टीने शाई ओढायची. एका रंगाला एक स्क्रीन. शाई कागदात जिरत नाही तर वर बसते, म्हणून बोटाला लागते, आणि गडद कागदावर सोनेरी-पांढरी शाईसुद्धा स्वच्छ दिसते.

पहिल्या नमुन्यात बोरूने लिहिलेली बारीक टोकं तुटली. जाळीचा नंबर वाढवला, म्हणजे जाळी बारीक केली, तरी काही टोकं मिळेनात, मग मैत्रिणीने रात्री बसून फाइलमध्ये ती केसभर जाड केली. गंमत अशी की लेकीची ओळ पहिल्याच फटक्यात सुंदर आली, स्केचपेनची रेघ सगळीकडे सारखी जाड असते ना. काका म्हणाले स्क्रीनला पोराचं अक्षर सगळ्यात मानवतं. क्यूआर कोडचंही त्यांनीच वाचवलं. हॉलच्या मॅपचा कोड आम्हाला सोनेरी हवा होता, ते म्हणाले चालणार नाही. खरंच सोनेरी शाई चमकते आणि कॅमेऱ्याला गडद-फिकटचा फरक कळत नाही, पाच फोनवर बघितलं, दोनच चालले. मग तो गडद निळ्यात केला, आणि एका इंचापेक्षा लहान नाही केला.

आता ती चूक. मजकुरात शेवटी एक ओळ होती, वऱ्हाडी मंडळींसाठी बस सकाळी इथून सुटेल वगैरे. मी मजकूर फोनवर टाइप करून दिला होता. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या एकाच पद्धतीत असतो, आणि ज्या डीटीपीवाल्याकडे मांडणी होती त्याच्याकडे जुन्या पद्धतीचे फॉन्ट होते, त्याने कन्व्हर्टरमधून मजकूर काढला. वऱ्हाडातला अर्धा र आपण दोन तऱ्हांनी टाइप करू शकतो, एक म्हणजे खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, आणि दुसरी म्हणजे साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. माझ्या कीबोर्डने दुसरी पद्धत वापरली असणार, आणि कन्व्हर्टरमध्ये ते अदृश्य चिन्ह गळून पडलं. राहिलं काय, 'वर्हाडी'. ह च्या डोक्यावर रफार.

प्रूफ मी बघितलं, बहिणीने बघितलं, मुलाकडच्यांनी बघितलं. सगळ्यांनी नावं, तारीख, वार, वेळ आणि पत्ता तपासला. माझी सही होती. नव्वद कार्डं छापून झाल्यावर मी पाच कार्डं वाळली म्हणून घरी घेऊन आले आणि आजीच्या हातात दिली. आजी ८४ वर्षांची आहे, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, ती पत्रिका नेहमी मोठ्याने वाचते. वाचत वाचत शेवटच्या ओळीला आली आणि थांबली. मग चष्मा पुसून परत वाचलं. आम्हाला लहानपणी तिनेच शिकवलं होतं, आचार्यास नमस्कार करावा आणि आचाऱ्यास शिधा द्यावा, एका अर्ध्या र ने गुरुजींचा स्वयंपाकी होतो. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, लग्नाच्या पत्रिकेत वऱ्हाडच चुकीचं लिहिलं तर कसं.

मी त्याच पावली काकांना फोन केला. घरात बाकीचे म्हणाले कोण बघतंय, राहू दे, बसची वेळ तर बरोबर आहे ना. मला ते नाही जमलं. पंचवीस-तीस वर्षांनी कुणीतरी ही पत्रिका पेटीतून काढेल आणि त्यात हाच शब्द चुकलेला असेल हे डोक्यातून जाईना. काकांनी छपाई थांबवली. त्यांनी एका शब्दाने कुरकुर न करता सांगितलं की स्क्रीन नवी करायला फार खर्च नाही, उद्या देतो, प्रश्न कागदाचा आहे. अडीचशे पुरी करायला ते नव्वद परत लागणार होते, म्हणजे १० ताव. २८ लागायचे होते, मी ३६ घेतलेले, नमुन्यांत दोन गेलेले. जादा उरले ६, त्याची ५४ कार्डं. ३६ कमी. त्याच वेळचा कागद मिळाला नाही. मग आम्ही यादी घेऊन बसलो आणि अडीचशेची दोनशे चौदा केली, एकाच सोसायटीतल्या भावाभावांना एक पत्रिका दिली, आणि वाईट वाटून न घेतल्याबद्दल त्या सगळ्यांचे आभार. चुकलेल्या नव्वद कार्डांची कोरी बाजू कापून रुखवताच्या लाडू-चिवड्यावर लावायच्या चिठ्ठ्या केल्या.

त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं आहे, प्रूफ फोनवर बघू नका, कागदावर काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. ऱ्य, ऱ्ह, श्र, द्ध, ह्म ही अक्षरं एकेक करून बोट ठेवून बघा. कराडला जुनी माणसं कऱ्हाड लिहितात, आडनावात गोऱ्हे, कऱ्हाडे असतात, त्यांची नावं अशीच बिघडतात आणि ती माणसं बिचारी सवयीने काही बोलत नाहीत.

छापून वाळल्यावर घडीची रेघ पाडायची होती. जाड कागद नुसता हाताने दुमडला तर घडी वाकडी जाते. काकांनी मला मागच्या खोलीत नेलं, तिथे एक जुनं काळं ट्रेडल मशीन होतं, पायाने चालवायचं छपाईचं यंत्र. आता त्यावर छापत नाहीत, बिलबुकांवर नंबर टाकायचे, घडीची रेघ पाडायची, आकारात कापायचं, एवढीच कामं ते करतं. काका म्हणाले पूर्वी याच्यावरच पत्रिका छापायचे, त्यांच्या वडिलांच्या वेळी. मी आईबाबांची पत्रिका पर्समध्ये घेऊन हिंडत होते, ती दाखवली. त्यांनी मागून बोट फिरवलं आणि म्हणाले चांगला दाब आहे, तेव्हा कागदावर खळगा पडला तर आम्हाला ओरडा बसायचा, शाई उमटली पाहिजे पण ठसा मागे जाता कामा नये. आता महागड्या पत्रिकांमध्ये मुद्दाम पॉलिमरची प्लेट करून खोल दाबतात, खळगा दिसावा म्हणून जास्त पैसे देतात. काकांना त्याचंही कौतुक होतं, म्हणाले निदान मशीन तरी चालू राहतील. दोनशे चौदा कार्डं त्यांनी स्वतः पायाने ट्रेडल मारून रेघली, मी एकेक उचलून ठेवत होते.

पाकिटं साध्या तपकिरी कागदाची घेतली. पोस्टाने जाणाऱ्या पत्रिकांचं एक लक्षात ठेवा, पाकीट आणि कार्ड मिळून २० ग्रॅमच्या वर गेलं की जास्त तिकिटं लागतात. आमचं कार्ड साधारण ११ ग्रॅम भरलं, पाकीट ५, म्हणजे बसलं. खोक्यातल्या कार्डांना कुरियरशिवाय पर्याय नाही. पोस्टाची माय स्टॅम्प म्हणून सोय आहे, आपला फोटो असलेलं तिकीट मिळतं, एका शीटमध्ये १२. बहिणीने एकच शीट केली, गावाकडच्या १२ घरांसाठी. पत्ते सगळे बाबांनी शाईच्या पेनने लिहिले, रोज जेवणानंतर वीस.

फोनवरची पत्रिकाही त्याच अक्षरांची केली, तीच नावं, तीच लेकीची ओळ, उभ्या स्क्रीनला बसेल अशी. फोन नंबर दाबला की लागेल आणि मॅप दाबला की उघडेल असं केलं, बाकी काही हलवलं नाही. मामाने त्यात सनई मात्र टाकलीच, आणि चांगली वाटली.

पहिली पत्रिका कसब्याच्या गणपतीला. आई, आजी, बहीण, मी आणि लेक सकाळी लवकर गेलो. हळदीकुंकू लावून अक्षता ठेवून गुरुजींच्या हातात दिली, त्यांनी ती देवापुढे ठेवली. बाहेर आल्यावर आजी म्हणाली इथे जवळच कागदीपुरा आहे, पूर्वी कागद करणारे राहायचे, हाताने करायचे. मी पुण्यात जन्मलेली, हे नाव हजारदा ऐकलेलं, रिक्षावाल्याला सांगितलेलं, आणि त्यातला कागद मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसला. आजीला चालवत नव्हतं तरी आम्ही हळूहळू त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. लेकीने भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं लावून लावून वाचली. घरी आल्यावर आजीने तिची पत्रिका घेतली, कोपऱ्याला हळद लावली, वाळू दिली आणि पेटीत आईबाबांच्या पत्रिकेवर ठेवली.